३क्ष + २ चे ५क्ष का होतात? सातवीच्या बीजगणिताविषयी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या उच्च प्राथमिक शाळेत तुम्ही सातवीला गणित शिकवता. मुलांना अपूर्णांक येतात, शेकडेवारी येते, तोंडी हिशेबात तर काही जण तुमच्यापेक्षाही चपळ आहेत. पण बीजगणित सुरू झाले की तीच मुले ३क्ष + २ चे उत्तर ५क्ष लिहितात, ‘क्ष म्हणजे किती ते आधी सांगा’ असा हट्ट धरतात, आणि ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हा नियम पाठ असूनही ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ असे काढतात. तराजूचे चित्र काढून झाले, आंबे आणि केळी यांची उदाहरणे देऊन झाली, तरी फरक पडला नाही. शिवाय ही मुले आठवीत दुसऱ्या शाळेत, कदाचित दुसऱ्या माध्यमात जातील, तेव्हा त्यांच्या हाती कोणत्या भाषेतले शब्द द्यावेत, आणि उत्तर मनातच काढून पायऱ्या लिहायला नकार देणाऱ्या एका हुशार मुलाचे काय करावे, असेही तुम्ही विचारले आहे. (मी येथे सर्वत्र ‘क्ष’ लिहिते, पुस्तकात त्या जागी एक्स असतो.)

बेळगाव परिसरातील मराठी शाळांमध्ये मी सव्वीस वर्षे गणित शिकवत आहे. तुमच्या पत्रातील प्रत्येक चूक मी वह्यांमध्ये शेकडो वेळा पाहिली आहे. पहिली काही वर्षे माझी समजूत अशी होती, की मुले अक्षराला घाबरतात, आणि ती भीती गेली की पुढचे सोपे होईल. आज माझे मत वेगळे आहे. मुलांचा पाय अडतो तो ‘बरोबर’ या चिन्हाशी, आणि आणखी पुढे सोडवता न येणारे उत्तर हेच उत्तर म्हणून स्वीकारण्यापाशी. या दोन्ही अडचणी पहिली ते पाचवीच्या अंकगणितातून आलेल्या सवयींच्या आहेत, म्हणून त्यांवरचा उपाय अक्षर फळ्यावर येण्याच्या आधीच सुरू करावा लागतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. तुमच्याकडे जुलैमध्ये पावसाच्या सुट्ट्या पडतात आणि धडे मागे राहतात. मी सुचवते त्या तयारीला दोन आठवडे लागतात, ते तुम्ही कोठून काढणार हे तुम्हीच ठरवायचे आहे. वर्ग चाळीसचा असेल तर प्रत्येकाला बोलते करता येत नाही, आणि दोन इयत्ता एकत्र बसत असतील तर क्रम बदलावा लागेल. ज्यांची वजाबाकी किंवा भागाकारच कच्चा आहे, त्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना बीजगणिताच्या नावाखाली अंकगणितच पुन्हा शिकवावे लागते, आणि त्यात कमीपणा मानू नये.

आता ‘बरोबर’कडे येते. उद्या वर्गात काहीही प्रस्तावना न करता फळ्यावर ८ + ४ = □ + ५ असे लिहा आणि चौकटीत काय येईल ते पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगा. बोलू देऊ नका, फक्त लिहून घ्या. माझ्या वर्गात दरवर्षी बरीच मुले १२ लिहितात, काही १७ लिहितात, आणि ७ लिहिणारी मोजकीच निघतात. १२ लिहिणाऱ्या मुलाला बेरीज येत नाही असे मुळीच नाही. त्याच्या दृष्टीने ‘=’ ही एक आज्ञा आहे: डावीकडचे करून टाक आणि उजवीकडे लगेच उत्तर लिही. पाच वर्षे त्याने या चिन्हाच्या उजवीकडे एकच आकडा पाहिला आहे, तेव्हा त्याने दुसरा अर्थ लावावा तरी कशावरून? हीच मुले शाब्दिक उदाहरण सोडवताना १५ + ७ = २२ × २ = ४४ असे एका दमात लिहितात, आणि उत्तर बरोबर आले म्हणून आपणही त्यावर खूण करून पुढे जातो. त्या ओळीप्रमाणे १५ आणि ७ यांची बेरीज ४४ होते, हे आपण मुलांना कधी दाखवतच नाही.

मराठीत ही अडचण थोडी अधिक खोल आहे, कारण ‘बरोबर’ या एकाच शब्दाने आपण उत्तर अचूक असल्याचेही सांगतो आणि दोन गोष्टी सारख्या असल्याचेही. ‘आठ अधिक चार बरोबर बारा’ हे वाक्य मुलाच्या कानाला ‘आठ अधिक चार, आणि अचूक उत्तर बारा’ असेच लागते. म्हणून या दोन आठवड्यांत मी ते चिन्ह ‘बरोबर’ असे वाचतच नाही. ‘आठ अधिक चार तेवढेच जेवढे सात अधिक पाच’ असे वाचते आणि मुलांकडूनही तसेच वाचून घेते. वाक्य लांब होते, पण मुले कंटाळत नाहीत. हे चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने प्रथम छापले आणि दोन समांतर रेषा निवडण्याचे कारणही दिले: याहून अधिक सारख्या अशा दोन गोष्टी असू शकत नाहीत. हे सांगितले की मुले त्या दोन रेषांकडे वेगळ्या नजरेने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

या काळात मी रोज दहा मिनिटे खरे-खोटे घेते. ३७ + २८ = ३८ + २७ हे खरे की खोटे, पण बेरीज न करता सांगायचे. पहिल्या दिवशी सगळे बेरीजच करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी म्हणते, ‘बाई, एकीकडं एक वाढलंय, दुसरीकडं एक कमी झालंय, बेरीज कशाला करायची?’ हे वाक्य वर्गात आले की समजावे, बीजगणित सुरू झाले. अक्षर अजून आलेले नसले तरी हरकत नाही. मग ६४ − १९ = ६५ − २० घ्यावे, जेथे दोन्ही संख्या वाढूनही वजाबाकी तीच राहते, आणि त्यानंतर ६४ − १९ = ६५ − १८ घ्यावे, जेथे बेरजेची युक्ती फसते. या दोन उदाहरणांवर एक पूर्ण तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नका.

दुसरी सवय मोडणे अधिक अवघड आहे. ३क्ष + २ पाहिले की मुलाला ते अर्धवट सोडलेले गणित वाटते. अधिकचे चिन्ह दिसते आहे, म्हणजे अजून काहीतरी करायचे राहिले आहे. मग तो तीन आणि दोन मिळवून पाच करतो आणि क्ष कोठेतरी ठेवायला हवा म्हणून त्याला चिकटवतो. त्याला ‘ही सजातीय पदे, म्हणजे एकाच अक्षराची पदे, नाहीत’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण मुळात बेरजेचे चिन्ह शिल्लक असलेले उत्तर असते हेच त्याला कोणी दाखवलेले नसते.

येथे मला मदत झाली ती बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडच्या साड्यांच्या मागांची. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात विणकरांच्या घरची चार-पाच मुले होती. मी फळ्यावर लिहिले: एका साडीची मजुरी ठरावीक रुपये, आठवड्यात पाच साड्या झाल्या, आधी घेतलेली तीनशे रुपयांची उचल कापून घेतली, तर हातात किती? आकडे माझ्या सोयीचे होते. एक मुलगी लगेच म्हणाली, ‘मजुरी किती ते सांगितलंच नाही की.’ मी म्हटले, तूच सांग. तिने सांगितले ते असे, की मजुरी डिझाइनवर असते. साध्या किनारीला वेगळी, बुट्ट्यांना वेगळी, आणि डिझाइन कोणते मिळणार हे सोमवारी कळते. मग मी विचारले, ‘डिझाइन कळायच्या आधी, रविवारी रात्री, हातात किती पडतील याचा हिशेब लिहून ठेवता येईल का?’ वर्ग थोडा वेळ गप्प होता. नंतर तिनेच सांगितले, ‘पाच वेळा मजुरी, त्यातनं तीनशे वजा.’ मी मजुरीला त म्हटले, फळ्यावर ५त − ३०० लिहिले आणि सांगितले, की रविवारी रात्रीचे पूर्ण उत्तर हेच आहे. सोमवारी मजुरी २०० ठरली तर ते ७०० होईल, २५० ठरली तर ९५० होईल. पण रविवारी याहून पुढे जाता येत नाही आणि जाण्याची गरजही नाही.

तेव्हापासून ‘रविवारचे उत्तर’ आणि ‘सोमवारचे उत्तर’ हे शब्द माझ्या वर्गात रूढ झाले आहेत. पुस्तकी भाषेत पहिली बैजिक राशी आणि दुसरी तिची किंमत. पण मुलाने ३क्ष + २ ला ५क्ष केले की मी फक्त विचारते, ‘सोमवार उजाडला का?’ आणि तो स्वतःच खोडतो. तुमच्याकडे माग नसतील, तर भाताची मळणी असेल, वीटभट्टी असेल, दुधाचा फॅटप्रमाणे बदलणारा दर असेल. ज्या व्यवहारात दर नंतर ठरतो आणि हिशेबाची रीत आधीच ठरलेली असते, असा तुमच्या मुलांच्या घरचा कोणताही व्यवहार चालेल.

तपासणीची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण बरेच नवे शिक्षक त्यात फसतात. ३क्ष + २ आणि ५क्ष सारखे नाहीत हे दाखवण्यासाठी आपण क्षच्या जागी संख्या घालायला सांगतो, आणि मुले हमखास सर्वांत सोपी म्हणून १ घालतात. तेव्हा डावीकडे ५ येतात आणि उजवीकडेही ५ येतात, आणि मुलाची चूक पक्की होते! शून्य आणि एक यांवर तपासणी थांबवायची नाही, असा नियमच करावा. १० घाला: एकीकडे ३२, दुसरीकडे ५०, आणि मुलांना फरक लगेच दिसतो. मात्र १ घातल्यावर दोन्ही सारखे आले, या योगायोगाला घाईने पुसून टाकू नका. ३क्ष + २ = ५क्ष हे वाक्य क्ष = १ असतानाच खरे आहे, इतर कोणत्याही संख्येला नाही; आणि ३क्ष + २क्ष = ५क्ष हे वाक्य कोणतीही संख्या घेतली तरी खरे आहे. समीकरण आणि नित्य समानता यांतला जो फरक आपण पुढे आठवीत व्याख्या देऊन शिकवतो, तो मुलाच्या स्वतःच्या चुकीतून सातवीत येथेच हाती लागतो. मी या दोन वाक्यांसाठी एक तास राखून ठेवते.

आंबे आणि केळी यांच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: ती वापरू नका. ‘दोन आंबे आणि तीन केळी मिसळता येत नाहीत, म्हणून २अ + ३ब तसेच राहते’ हे पहिल्या दिवशी फार सोयीचे वाटते. पण त्यातून मुलाच्या मनात अक्षर म्हणजे वस्तू असे बसते. पुढच्या महिन्यात अ × ब आले, की आंबा गुणिले केळे याला काय अर्थ द्यायचा? अक्षर ही संख्या आहे, वस्तू नव्हे, हे पहिल्या दिवसापासून पाळावे लागते. आपली नेहमीची लिहिण्याची पद्धतही या गैरसमजाला खतपाणी घालते, कारण ५ मी म्हणजे पाच मीटर आणि १० रु म्हणजे दहा रुपये असे मुलांनी वर्षानुवर्षे लिहिलेले असते. मग ५म म्हणजे पाच मजूर किंवा पाच मीटर असे त्यांनी वाचले तर नवल नाही. मजुरीसाठी मी ‘म’ टाळून ‘त’ घेतला तो याच कारणासाठी. सुरुवातीला वस्तूचे आद्याक्षर अजिबात घेऊ नये.

तरी एकदा आद्याक्षर मुद्दाम घ्यावे, ते हा गैरसमज उघडा करण्यासाठी. मी बसचे उदाहरण घेते. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातील महिलांना साध्या सरकारी बसचे भाडे पडत नाही. वाहक त्यांना शून्य रुपयांचे तिकीट देतो. भाडे २० रुपये, बसमध्ये प पुरुष आणि म महिला, तर वाहकाच्या पिशवीत किती रुपये? मुले २०प लिहितात. मग मी विचारते, ‘या बसमध्ये वीस पुरुष आहेत का?’ निम्मा वर्ग ‘हो’ म्हणतो. येथे थांबून प म्हणजे पुरुष नव्हेत, पुरुषांची संख्या, हे सांगितले आणि प च्या जागी ७, ३०, ० घालून हिशेब करून घेतला, की ही गोष्ट वर्षभर टिकते. एकदा मी महिलाही धरून २०प + ०म लिहिले, तेव्हा एका मुलीने विचारले, ‘मग ०म लिहायचंच कशाला?’ मी तिलाच विचारले, वाहक शून्याचे तिकीट फाडतो तरी कशाला? दुसऱ्या दिवशी ती घरून विचारून आली: त्या तिकिटांची मोजणी होते आणि त्यांचे पैसे सरकार महामंडळाला देते. म्हणजे वाहकाच्या पिशवीसाठी २०प + ०म, आणि महामंडळाच्या हिशेबात २०प + २०म. सहगुणक, म्हणजे अक्षराला गुणणारी संख्या, काय असतो हे मी त्या दिवशी वेगळे शिकवले नाही.

अक्षराबाबत आणखी दोन किरकोळ अडचणी आहेत. क्ष = ५ असताना ३क्ष चे ३५ करणारी मुले असतातच, कारण आकडे शेजारी ठेवले की दशक-एकक होतात हे ती शिकलेली आहेत; पहिले दोन आठवडे मधले गुणिले चिन्ह गाळू नका, एवढाच उपाय पुरतो. आणि वहीत एक्स व गुणिले चिन्ह सारखेच दिसते, म्हणून एक्स वळणदार काढण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी. म्हणून मी सुरुवात देवनागरी अक्षरांनी करते आणि एक्सकडे नंतर जाते. आपल्याकडे त्याची जुनी परंपराही आहे: ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये अज्ञात राशींसाठी रंगांचा उपयोग केला, आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणजे ‘जितके असेल तितके’, आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक म्हणजे काळा, निळा, पिवळा अशी नावे वापरली. ‘जितके असेल तितके’ हा शब्दप्रयोग मुलांना इतका आवडतो, की क्ष वाचताना काही दिवस ती तसेच म्हणतात. मी त्यांना थांबवत नाही.

येथवरचा क्रम एकदा एकत्र सांगते, म्हणजे पुढचे नीट बसेल: आधी ‘=’ चा अर्थ, अक्षराशिवाय; मग दर नंतर ठरणाऱ्या व्यवहारातून अपूर्ण वाटणारे पण पूर्ण असलेले उत्तर; मग अक्षर म्हणजे संख्या, भरपूर किमती घालून; आणि त्यानंतरच समीकरण सोडवणे. बहुतेक पुस्तके आणि बहुतेक शिक्षक शेवटच्या पायरीवर फार लवकर पोहोचतात. तुमचे तसेच झाले असावे, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते.

समीकरण सोडवायला मी झाकण्याच्या रीतीने सुरुवात करते. २क्ष + ५ = १७ लिहून २क्ष हाताने झाकायचे आणि विचारायचे: कशात पाच मिळवले की सतरा होतात? बारा. मग हाताखाली बारा आहेत. हात काढून फक्त क्ष झाकायचा: कशाची दुप्पट बारा? सहा. नियम नाही, बाजू बदलणे नाही. माझ्या वर्गातील सर्वांत मागे असलेली मुलेही यात टिकतात, कारण प्रत्येक पायरी त्यांच्याच भाषेतला प्रश्न असते. या रीतीला मर्यादा आहे: दोन्ही बाजूंना क्ष आला की हात कोठे ठेवायचा हे कळत नाही. तेथे तराजू येतो.

तराजूविषयी तुमचा अनुभव चांगला नाही, त्याचे एक कारण मला असे वाटते, की आजच्या बऱ्याच मुलांनी दोन पारड्यांचा तराजू हाताळलेलाच नाही. बाजारात सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्यावर आकडा दिसतो, तोल दिसत नाही. फळ्यावरचे चित्र त्यांच्यासाठी आणखी एक न पाहिलेली वस्तू ठरते. कपड्यांच्या हँगरला दोन करवंट्या सुतळीने टांगून तराजू करा, चिंचोके वजनाला घ्या आणि कागदाच्या पुड्यांमध्ये सारखेच चिंचोके बांधून त्यांना क्ष म्हणा. तीन पुड्या आणि दोन चिंचोके एकीकडे, एक पुडी आणि आठ चिंचोके दुसरीकडे. मुलांनी स्वतःच्या हाताने दोन्हीकडून एक-एक पुडी काढावी, मग दोन-दोन चिंचोके काढावेत. उरल्या दोन पुड्या आणि सहा चिंचोके. पुडी उघडून तीन चिंचोके निघाले, की वर्गात जो आनंद होतो तो कोणत्याही चित्राने होत नाही.

पण तराजूही एका ठिकाणी थांबतो. क्ष + ७ = ३ कोणत्याही करवंटीत ठेवता येत नाही. तेव्हा तराजू बाजूला ठेवून मी उधारीकडे वळते. आपल्या भाषेने ऋण संख्या म्हणजे कर्जाची संख्या हे नावच देऊन ठेवले आहे, आणि ब्रह्मगुप्ताने धन व ऋण यांचे नियम याच शब्दांत सांगितले होते. दुकानदाराकडे सात रुपये भरल्यावर खात्यात तीन जमा दिसत असतील, तर आधी चारची उधारी होती, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हा नियम चुकीचा नाही, पण तो फार लवकर दिला जातो. ३क्ष = १२ वरून १२ − ३ करणाऱ्या मुलाने नियम अगदी प्रामाणिकपणे पाळला आहे: तीन पलीकडे गेले, त्यांचे उणे झाले. तीन आणि क्ष यांच्यामध्ये गुणाकार आहे हे त्या नियमात कोठेच नाही. मी दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत ‘पलीकडे’ हा शब्दच वर्गात येऊ देत नाही. प्रत्येक पायरीशेजारी काय केले ते शब्दांत लिहायचे: ‘दोन्ही बाजूंतून पाच वजा केले’, ‘दोन्ही बाजूंना तीनने भागले’. शिकवणीत आधीच नियम शिकून आलेली मुले कुरकुर करतात, काही पालकही विचारतात. त्यांना मी क्ष/४ = ३ सोडवायला देते. त्यावर बरेच जण अडखळतात आणि मग ऐकायला तयार होतात.

शाब्दिक उदाहरणांत मराठी आपल्याला मदतही करते आणि फसवतेही. ‘एका संख्येपेक्षा तीनने कमी’ या वाक्यात शब्दांचा क्रम आणि क्ष − ३ चा क्रम एकच आहे, त्यामुळे मुले हे सहज लिहितात. पण ‘अमितला सुनीलपेक्षा चार गुण कमी आहेत’ म्हटले, की ती अमितच्या अक्षरातून चार वजा करतात, कारण ‘अमित’ आणि ‘कमी’ हे दोन शब्दच त्यांच्या लक्षात राहतात. तसेच ‘शाळेत मुलींच्या तिप्पट मुलगे आहेत’ यावरून तीन हा आकडा मुलींना लावायचा की मुलग्यांना, यात मोठी माणसेही चुकतात. येथे कोणत्या शब्दाला कोणते चिन्ह याचा तक्ता पाठ करून घेऊ नका. आधी विचारा: जास्त कोणाकडे आहे? मग विचारा: दोन्ही सारखे करायचे तर कोणात किती मिळवावे लागतील? ‘अमितला चार दिले की सुनीलएवढे होतात’ हे वाक्य मुलाच्या तोंडून आले, की अ + ४ = स हे आपोआप लिहिले जाते. पुन्हा सगळे ‘=’ च्या अर्थावरच येऊन ठेपते, हे तुमच्या लक्षात आले असेल.

माध्यमाच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. विचार मराठीतच होऊ द्या; ज्या भाषेत मूल भांडते आणि हिशेब मागते, त्याच भाषेत ‘तेवढेच जेवढे’ कळते. शब्द मात्र मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतले भिंतीवर लावा. आपल्या भागात हे फार अवघड नाही, कारण समीकरण आणि सहगुणक हे शब्द कन्नडमध्येही तेच आहेत. आपला चल, म्हणजे संख्येच्या जागी येणारे अक्षर, तिकडे चराक्षर होतो आणि बैजिक राशीला बीजोक्ती म्हणतात. व्हेरिएबल, एक्स्प्रेशन, इक्वेशन हेही शेजारी देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहून ठेवा, कारण दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्याला ते लागणारच आहेत. आठवीत माध्यम बदललेली माझी एक विद्यार्थिनी सांगत होती, की पहिल्या महिन्यात तिला शब्दांनी त्रास दिला, गणिताने दिला नाही. त्या तक्त्याची किंमत मला तेव्हा कळली.

राहिला तुमचा तो हुशार मुलगा. त्याच्यावर पायऱ्यांची सक्ती करू नका आणि पायऱ्या नाहीत म्हणून गुणही कापू नका, निदान सुरुवातीला तरी. २क्ष + ५ = १७ त्याला दिसताक्षणीच कळते; त्यासाठी चार ओळी लिहिणे त्याला खरोखरच निरर्थक वाटते, आणि त्या उदाहरणापुरते त्याचे म्हणणे खरे आहे. चूक उदाहरणाची आहे. त्याला ५क्ष − ७ = २क्ष + ११ द्या. तो संख्या घालून पाहील, बहुधा सहावर पोहोचेलही. मग ७क्ष − ४ = ३क्ष + ९ द्या, जेथे उत्तर पूर्णांक नाही आणि अंदाजाने संख्या घालत राहिले तर तास संपतो. तो अडला, की त्याच्याशेजारी बसा आणि कागद पुढे करून एवढेच विचारा: दोन्ही बाजूंतून काय काढून टाकले तर हे सोपे होईल? पहिली ओळ त्याला स्वतःच्या हाताने लिहू द्या, आणि दुसरी ओळ तो लिहीपर्यंत मध्ये काही बोलू नका.